तासाला चोपन्न वेळा

घोरण्यासाठी दवाखान्यात जातात, हे कोणी मला चाळिशीत सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे निश्चिंत माणूस, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. लग्नकार्यात आम्हा भावांना झोपायला वेगळी खोली देत, आणि त्यात आम्हाला मानच वाटायचा. तेव्हा आधीच सांगून टाकतो, हे लिहिणारा माणूस काही शहाणा नाही. ज्या घरात कोणी घोरता घोरता मधेच गप्प होतं आणि शेजारी झोपलेलं माणूस उठून बसतं, त्या घरासाठी हे लिहितो आहे.

मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत राहतो. आधी सरकारी कापूस खरेदीत आणि मग एका खासगी जिनिंगसाठी, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यासाठी, कापसाचा ग्रेडर होतो. शेतकऱ्याची गाडी आली की गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचा, आतला कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, ओल पाहायची, कचरा पाहायचा आणि प्रत सांगायची. त्यावर माणसाच्या वर्षाच्या मेहनतीचं ठरायचं. माझ्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनाची मला थोडी जास्तच सवय झाली होती.

हातात कापूस, डोळे मिटलेले

दोन हजार तीन-चारचा हंगाम असावा. सकाळी उठलो तरी रात्रभर कोणी पोती वाहायला लावली असं वाटायचं. डोकं जड, तोंडाला कोरड. जेवण झालं की डोळ्यांवर झापड. चिडका तर मी आधीपासूनच होतो, पण आता चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचो.

एका दुपारी गाडीजवळ उभा होतो. हातात कापूस धरलेला. पुढचं मला आठवत नाही. नंतर आमच्या हमालांचे म्होरके देवरावकाका यांनी सांगितलं. शेतकरी बिचारा हात जोडून माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. शेवटी घाबरून म्हणाला, "साहेब, काऊन बोलून नाई राह्यले? इतका खराब हाय का माहा कापूस?"

सगळे हसले. मीही हसलो. पण देवरावकाका हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुमी उभ्या उभ्या झोपलते. हे बरं नोहे. एखाद्या डाक्टरले दाखवा."

घरी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं, तर तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुमाले एक सांगू? तुमचा श्वास थांबते झोपेत."

"काहीतरीच. श्वास थांबला असता तर मेलो नसतो का?"

"थांबते म्हणलं ना! घोरणं बंद होते, छाती हलते पण हवा नाई जात. मी मोजत बसते. एक डाव सत्तर झाले मोजून. मग तुम्ही असा झटका देता, जसं कोणी पाण्यातून वर काढलं."

"अन् तू जागी राहतेस?"

"मंग काय करू? झोपू?"

किती वर्षं, असं मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची छाती नव्हती. वर तिलाच म्हटलं, "उगाच भलते विचार करत जाऊ नकोस." असा मी.

त्या दिवसापासून भीती मात्र मागे लागली. अंथरुणाला पाठ टेकली की वाटे, आज थांबला आणि सुरूच झाला नाही तर? डोळा लागू लागला की स्वतःच दचकून उठायचो. झोपेवाचून जीव कासावीस, आणि झोपेचीच धास्ती.

मी परीक्षेला बसलो

वर्ध्याच्या डॉक्टरांनी नागपूरच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे रात्रभर तारा लावून झोपवतात आणि श्वास तासाला किती वेळा अडतो ते मोजतात. त्यावरून आजाराची प्रत ठरवतात. हे ऐकलं आणि मला घामच फुटला. जन्मभर दुसऱ्याची प्रत ठरवली, आता माझी कोणी ठरवणार.

त्यात देवरावकाकांनी चांगल्या मनाने एक गोष्ट सांगितली. त्यांच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याचं 'सिव्हिअर' निघालं, आणि डॉक्टरनं त्याला गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. झालं! माझं सगळं काम मोटारसायकलवर. आंजीच्या पुढे आमचं खरेदी केंद्र, शिवाय गावोगाव फिरणं. माझी मुलगी प्राची डी.एड. करत होती आणि तिचे सराव पाठ आंजीच्याच शाळेत होते. रोज सकाळी ती माझ्या मागे बसायची. गाडी बंद झाली तर मी घरात बसलेला म्हातारा. मी मनाशी ठरवलं, सिव्हिअर निघू द्यायचंच नाही.

सुमन सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं. ती आली असती तर तिनं खरं सांगितलं असतं, हे त्यामागचं खरं कारण.

डोक्याला, छातीला, पायांना तारा. नाकाशी नळी, बोटाला चिमटा. मला सुमनकडून ठाऊक होतं की पाठीवर झोपलो की श्वास फार अडतो, कुशीवर कमी. म्हणून मी उशी पाठीला लावली आणि रात्रभर डाव्या कुशीवर राहिलो. आधी दोन कप कडक चहा पिऊन घेतला होता, म्हणजे झोप फार लागू नये. तिथली सिस्टर दोनदा आत येऊन म्हणाली, "काका, थोडं सरळ झोपा ना." मी म्हटलं, "पाठ दुखते हो माझी." तिनं बिचारीनं पायांवर जास्तीची चादर टाकली. त्या चादरीची मला अजून लाज वाटते.

आठ दिवसांनी अहवाल घ्यायला गेलो, एकटाच. डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा फारच उथळ झाला, की तो एक धरायचा. तासाला पाचाच्या आत असेल तर आजार धरत नाहीत. पाच ते पंधरा म्हणजे माइल्ड. पंधरा ते तीस मॉडरेट. तीस आणि वर म्हणजे सिव्हिअर.

"तुमचे आले अकरा," ते म्हणाले.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी उठायच्याच बेतात होतो.

"बसा. माझा या अकरावर विश्वास नाही. तुम्ही मिनिटभरही पाठीवर झोपला नाहीत, आणि झोप झाली जेमतेम अडीच तास. ही तुमची रोजची रात्र नव्हे. तपासणी परत करू. आणि तोवर गाडी चालवू नका. दिवसा डुलकी येणाऱ्या माणसाचा आकडा कितीही असो, त्यानं गाडी चालवायची नसते."

हे सगळं त्यांनी दुसऱ्या पानावर लिहूनही दिलं.

मी बसस्टँडवर आलो, पिनेतून दुसरं पान सोडवलं आणि चार घड्या करून पाकिटात घातलं. नंतर ते गाडीच्या कागदपत्रांत गेलं. पहिलं पान घरी नेलं, सोबत पाव किलो जिलबी.

"माइल्ड निघालं! उगाच घाबरवलं तुम्ही लोकांनी."

प्राची खूश झाली. सुमननं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "अकराच? मी तं एका घंट्यात त्याच्याहून जास्त मोजते."

"तू काय मशीन आहेस?"

तिनं कागद माझ्या हातात परत दिला. जिलबी तिनं खाल्ली नाही.

आंजीचा रस्ता

पुढचे वीस-पंचवीस दिवस मी गाडी चालवली. आत कुठेतरी भीती कुरतडत होती. सकाळी गाडीला किक मारताना रोज वाटायचं की आज सांगून टाकावं, आणि रोज वाटायचं की उद्या सांगू. डोळ्यांवर पाणी मारायचो, तोंडात सुपारी धरायचो. अकरा, अकरा असं मनात घोकायचो. आकडा खोटा आहे हे मला ठाऊक होतं, तरी तोच मला धीर द्यायचा. माणूस स्वतःला किती सहज फसवतो पाहा.

त्या दिवशी सकाळचे साडेदहा झाले होते. हिवाळ्याचं कोवळं ऊन, मोकळा रस्ता. मला एवढंच आठवतं की समोर बाभळीचं झाड होतं, आणि मग प्राची किंचाळली. गाडी रस्ता सोडून तुरीच्या वावरात घुसली होती. मी बाजूला पडलो, मला खरचटलं. ती उजव्या हातावर आपटली.

मनगट मोडलं होतं. पंजा भलतीकडे वळलेला, आणि पोरगी रडत नव्हती, मलाच विचारत होती, "बाबा, तुमाले लागलं का?"

दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत सुमन धावत आली. मी तोंड उघडण्याआधीच प्राची बोलली, "कुत्रं आडवं आलं आई. बाबानं लय वाचवलं."

मी खाली मान घातली. तिला खोटं पाडलं नाही, आणि खरंही सांगितलं नाही.

सुमन औषधं आणायला गेली तेव्हा मी प्राचीजवळ बसलो. "खोटं काऊन बोलली बेटा?"

तेव्हा तिला रडू फुटलं. "माहीच चूक हाय बाबा. तुमाले डुलक्या येते ते मले मालूम होतं. म्हणून मी मागून रोज बोलत राह्यची, काहीबाही. तुम्ही खेकसले तरी बोलत राह्यची. आज पाठाचं टिपण वाचत होती. दोन मिन्टं चूप बसली, अन्..."

माझ्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं मला जागं ठेवायचं काम अंगावर घेतलं होतं, आणि दोन मिनिटं गप्प बसल्याबद्दल ती स्वतःला दोष देत होती. आयुष्यात मला कधी इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नाही. श्वास बंद पडून मेलो असतो तर बरं, असंही त्या क्षणी वाटून गेलं. खरं तेच लिहितो.

दुसरं पान

रात्र कशीबशी काढली. सकाळी गाडीच्या कागदांतून ते पान काढलं आणि सुमनच्या पुढ्यात ठेवलं. कुशीवर झोपलो तेही सांगितलं, चहाही सांगितला, कुत्रं नव्हतं तेही.

तिला इंग्रजी येत नाही. प्राचीला वाचायला लावलं. प्राचीनं डाव्या हातात कागद धरून एकेक ओळ मराठीत सांगितली. सुमन भांडेल, कपाळ बडवून घेईल, माहेरी जाते म्हणेल, अशी माझी तयारी होती. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"माह्या बाबानं एक डाव तुमच्या काट्यावर गाडी आणलती. लग्न होऊन वर्षच झालतं. खाली पिवळा, किडका कवडी कापूस, अन् वरून पांढराशुभ्र रचला होता. तुम्ही हात खालपर्यंत घातला अन् साऱ्यायसमोर गाडी वापस पाठवली. सासरा म्हणून सोडलं नाई. बाबा दोन महिने घराबाहेर नाई निघाले. तरी मी तुमच्याच बाजूनं बोलली, का माहा माणूस खोट्याले खरं म्हणत नाई."

तिनं ते पान प्राचीच्या हातातून घेतलं.

"अन् तुम्ही डाक्टरले वरचा कापूस दाखवून आले. कोणाले फसवलं हो? त्या डाक्टरचं काय गेलं? माह्या लेकराचा हात गेला ना!"

तिनं गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि स्वतःकडे ठेवली. चार महिने ती किल्ली मला दिसली नाही. मी मागितलीही नाही.

खरा आकडा

दुसऱ्या तपासणीला सुमन सोबत होती. डॉक्टरांना तिनंच सगळं सांगितलं, अगदी चहासकट. मला वाटलं ते झापतील. ते फक्त म्हणाले, "असे बरेच जण करतात. पण सांगायला कमी येतात."

या वेळी पाठीवर झोपलो. रोज झोपतो तसा, रोजच्या वेळी, चहा न पिता.

तासाला चोपन्न.

म्हणजे जवळपास मिनिटाला एक. सगळ्यात लांब थांबा सत्तर सेकंदांच्या वर. सुमन डॉक्टरांना म्हणाली, "मी सत्तर मोजले होते." तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. तिला तो आकडा खोटा ठरायला हवा होता. ती तिथेच पदर तोंडाला लावून रडली, आणि मीही रडलो, डॉक्टरांसमोर.

तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या पद्धतीनं सांगतो, कारण याचसाठी लिहायला बसलो. हा आकडा म्हणजे पूर्ण रात्रीची सरासरी असते. रात्र खोटी असेल तर सरासरीही खोटी. पाठीवर झोपलात का, नीट झोप लागली का, हे त्याच कागदावर लिहिलेलं असतं, ते विचारा. रक्तातला प्राणवायू किती खाली गेला, तेही विचारा. दोघांचा आकडा सारखा असून एकाचा प्राणवायू फार उतरतो, दुसऱ्याचा नाही. आणि माइल्ड शब्दावर भाळू नका. आकडा लहान असला तरी तुम्ही हँडलवर झोपत असाल, तर मागे बसलेल्याला तो काही लहान नाही. सिव्हिअर शब्दानं हातपायही गाळू नका. त्याचा अर्थ इलाज आता टाळायचा नाही, एवढाच. आणि एक हात जोडून विनंती. जो तुमच्या शेजारी झोपतो त्याला डॉक्टरांपुढे बोलू द्या. आपल्या झोपेत काय होतं ते आपल्याला माहीतच नसतं हो.

मशीन

डॉक्टरांनी झोपताना लावायचं मशीन दिलं. नाकावर मास्क आणि नळीतून हवेचा दाब, म्हणजे झोपेत घसा मिटत नाही. पहिल्या रात्री दोनदा काढून फेकलं. जीव गुदमरतो असं वाटे. आणि आपल्याकडचं लोडशेडिंग! करंट गेला की मशीन बंद, आणि मी दचकून उठायचो, मास्क ओरबाडायचो, अंधारात सुमनला हाका मारायचो. ती म्हणायची, "हाय मी, हाय. श्वास घ्या." पुढे इन्व्हर्टर बसवला तेव्हा ती धास्ती कमी झाली.

पंधरा दिवसांनी एका सकाळी उठलो तर डोकं हलकं. मला ओळखूच आलं नाही की हे काय झालं. अंगणात जाऊन उगाच उभा राहिलो. प्राची म्हणाली, "बाबा, आज कोणावर ओरडले नाई तुम्ही." मग मी तिच्यावर ओरडलो, आणि आम्ही दोघं हसलो.

भीती मात्र सरळ गेली नाही. सुमन अजूनही जागीच राहायची. आवाज बंद म्हणजे श्वास बंद, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की शांत झोपलेल्या नवऱ्याची तिला जास्तच भीती वाटे. तिची झोप परत यायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. आजार मला झाला होता, पण वर्षानुवर्षं तो भोगला तिनं.

मी एसटीनं केंद्रावर जायचो. प्राचीचं प्लास्टर निघालं, हात हळूहळू वळू लागला. तिचे राहिलेले सराव पाठ पुढं ढकलले होते, ते आता आंजीला पूर्ण करायचे होते. तोवर चार महिने झाले. मशीन लावून परत तपासणी केली, तेव्हा आकडा तीन आला.

"गाडी चालवू का?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "रोज मशीन लावता, दिवसा डुलकी येत नाही. माझी हरकत नाही. घरच्यांना विचारा."

परवानगी

घरी तीन आकडा सांगितला. या वेळी दोन्ही पानं एकदम दिली. प्राचीनं वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमननं गाडीची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. मी गाडी अंगणात काढली, पुसली. प्राची बॅग खांद्याला लावून तयार होती, एक पाय फूटरेस्टवर ठेवलाच होता तिनं.

"उतर," सुमन म्हणाली. "पहिले मी बसते."

"आई, पाठाची वेळ..."

"तुह्या पाठाले अजून दीड घंटा हाय. आंजीपर्यंत जाऊन वापस येतो आम्ही. मंग तू जाजो."

मला समजायला वेळ लागला. सुमननं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि प्राचीच्या हातात दिला. "लोखंडी कपाटाची लांबवाली हाय. वरच्या कप्प्यात तुह्या लग्नाचं सारं ठेवलं हाय. मामाचा नंबर दाराच्या मांगं लिहून हाय."

"आई, काय बोलून राह्यली तू?"

"ठेव म्हणलं ना."

ती मागे बसली. वाटेत एक शब्द बोलली नाही. ते तुरीचं वावर आलं तेव्हा फक्त विचारलं, "इथी?" मी म्हटलं, "हाव." तिनं माझा खांदा इतका गच्च धरला की बोटं रुतली, आणि आंजी येईपर्यंत सोडला नाही. माझे डोळे टक्क उघडे होते. मी भीत होतो, पण झोपेला नव्हे.

आंजीच्या स्टँडवर म्हटलं, "चहा घेतेस?"

"नाई. अजून वापस जाणं बाकी हाय."

घरी पोचलो तर प्राची फाटकाशीच उभी होती, जुडगा मुठीत धरून. सुमन उतरली. तिनं फाटकाला धरलं. मग पोरीच्या मुठीतून किल्ल्या घेतल्या, कमरेला खोचल्या आणि म्हणाली,

"बस माय. उशीर होईन तुले."